दप्तरदार सरांचं गॉथिक

“बाई, ह्या कुंपणावर काय लिहिलंय?”

गेनूमामांनी बरणी माझ्या डोळ्यांसमोर धरली. आत फॉर्मॅलिनमध्ये विंचू होता. बाहेर सोनेरी कडेचं लेबल, आणि त्यावर काळ्याभोर शाईतल्या उभ्या काठ्यांची दाट रांग. प्रत्येक काठीच्या वर आणि खाली शंकरपाळ्यासारखं टोक. सुरुवातीचं मोठं अक्षर तर वेलबुट्टीत असं गुरफटलेलं होतं, की ते अक्षर आहे हे केवळ जागेवरून ओळखायचं.

“विंचू,” मी म्हटलं.

“ते मला बी दिसतंय. लिहिलंय काय?”

“आत विंचू आहे म्हणजे विंचूच लिहिलं असणार ना, मामा.”

“म्हंजे तुमाला वाचता येत न्हाई.”

“नाही,” मी कबूल केलं.

ही एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या मार्चमधली गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होते. हंगामी म्हणजे दर एप्रिलमध्ये संपायचं आणि नशीब असेल तर दर जूनमध्ये पुन्हा उगवायचं. तीन वर्षं मी अशी उगवत होते. त्या वर्षी मात्र माझी जागा कायम व्हायची होती. विभागप्रमुखांनी माझ्याविषयी एक गोपनीय अहवाल लिहायचा, प्राचार्यांनी तो वाचायचा आणि निर्णय द्यायचा. निर्णय माझ्या बाजूने लागला नाही, तर घरी रत्नागिरीला आईने स्थळांची यादी करून ठेवली होती. यादी पत्रिकेच्या क्रमाने लावलेली होती, म्हणजे आईही आपल्या परीने शास्त्रीय होती.

विभागप्रमुख होते डॉ. दप्तरदार. तरुणपणी ते आठ महिने जर्मनीत राहून आले होते. तिथून त्यांनी समुद्रप्राण्यांवरचा एक प्रबंध, लोकरीचा एक कोट आणि तिरप्या टोकाच्या सात निबा आणल्या. प्रबंध विद्यापीठात जमा झाला, कोटाला कसर लागली, निबा राहिल्या. त्या निबांनी सरांनी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत म्युझियममधल्या दोनशे चौदा बरण्यांची लेबलं स्वतःच्या हाताने लिहिली होती.

“हे गॉथिक, मिस खांबेटे,” त्यांनी मला सांगितलं होतं. “युरोपातल्या मठांमधून साधू लिहीत बसायचे, तेव्हाचं. चामड्यावर लिहायचं, आणि चामडं महाग. म्हणून अक्षरं अशी खेटून बसवायची. वर्तमानपत्राचं नाव पाहा, डॉक्टरच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट पाहा. जिथे भारदस्तपणा हवा, तिथे हेच अक्षर.”

“सुंदर आहे, सर,” मी म्हटलं होतं, आणि ते खरंच होतं. पानभर पाहिलं तर विणलेल्या कापडासारखं दिसायचं. फक्त वाचायला जायचं नाही.

आता टी.वाय.च्या प्रात्यक्षिक परीक्षेला दोन दिवस उरले होते. या परीक्षेत ‘स्पॉटिंग’ नावाचा एक प्रकार असतो. टेबलावर वीस बरण्या ओळीने मांडायच्या, मुलांनी प्रत्येकीपुढे दीड मिनिट उभं राहायचं, प्राणी ओळखून त्याची लक्षणं लिहायची, घंटा झाली की पुढच्या बरणीकडे सरकायचं. अर्थातच आदल्या दिवशी सगळ्या लेबलांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात. हे काम गेनूमामा सत्तावीस वर्षं करत आले होते. मामा प्रयोगशाळेचे शिपाई. बरण्या पुसणं, फॉर्मॅलिन बदलणं, उन्हाळ्यात झाकणांना मेण लावणं, सगळं त्यांच्याकडे. शाळा चौथीपर्यंत, पण एकाही प्राण्याचं नाव चुकायचे नाहीत.

मामांनी खळीचं भांडं आणि पट्ट्या आणल्या, आणि सर आत आले.

“अहो, हे काय! माझ्या लेबलांवर खळ?”

“सर, झाकायला नकोत का?”

“निघताना वरचा वर्ख निघेल. त्याला वार्निश आहे. अजिबात चिकटवायचं नाही.”

“मग बरण्या उलट्या फिरवते. लेबल भिंतीकडे.”

“मिस खांबेटे,” सर दुखावल्या आवाजात म्हणाले, “पुण्याहून रिसबूड येणार आहेत परीक्षक म्हणून. त्यांनी बरणीचा पार्श्वभाग पाहायचा?”

ते गेले. मामांनी खळीचं भांडं खाली ठेवलं.

“बाई,” मामा म्हणाले, “एक विचारू का? जे कुनाला वाचताच येत न्हाई, ते झाकायचं कशाला?”

मी शास्त्राची विद्यार्थिनी. कोणी म्हटलं म्हणून एखादी गोष्ट मानायची नाही, पडताळून पाहायची. मी तीन बरण्या उचलल्या आणि स्टाफरूममध्ये गेले. भौतिकशास्त्राचे करंदीकर सर बराच वेळ बघून म्हणाले, “मला हा आलेख वाटतो.” ग्रंथपालांनी चष्मा बदलला आणि “जर्मन असावं,” असं सांगितलं. हिंदीच्या बाईंनी मधलं एक अक्षर ओळखलं, पण मग त्यांचाच विश्वास उडाला. असे एकूण पाच जण. पंधरापैकी शून्य. मी तसं वहीत लिहिलं आणि खाली निष्कर्ष लिहिला: झाकण्याची आवश्यकता नाही.

माझ्या प्रयोगात काय चुकलं होतं ते मला दोन दिवसांनी कळलं. पाचही माणसं एकाच प्रकारच्या शाळांतून आली होती आणि एकाच खोलीत चहा पीत होती.

परीक्षेच्या दिवशी रिसबूड सर आले, लेबलांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “वा! वा दप्तरदार!” एकही वाचलं नाही. दप्तरदार सरांचा चेहरा इतका फुलला की मला त्यांच्यासाठी आनंद झाला. सकाळी सव्वीस मुलं घंटेच्या तालावर सरकली. दुपारी आम्ही तिघं सरांच्या खोलीत पेपर तपासायला बसलो.

दहा-बारा पेपर नेहमीसारखे झाले. मुलांनी समुद्रकाकडीला अळी म्हटलं होतं, अळीला जंत, आणि एकाने ऑक्टोपसच्या जागी फक्त ‘भयानक’ असं लिहिलं होतं. मग रिसबूड सरांनी एक पेपर उचलला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“ही एस्तेर भांबळ कोण?”

“मागच्या बाकावर बसते,” मी म्हटलं. “शांत आहे.”

“हिने वीसच्या वीस प्राण्यांची लॅटिन नावं लिहिलीत. जातीसकट. दप्तरदार, जातीसकट मलासुद्धा येत नाहीत. आणि हे बघा, सातव्या बरणीला लिहिते, ‘पकडला: सहा फेब्रुवारी एकोणीसशे एकसष्ट, मालवण.’”

दप्तरदार सर ताठ झाले. “ही सरळसरळ कॉपी आहे.”

“कशावरून केली पण? मालवणची तारीख कुठल्या पुस्तकात असते?”

“तारीख फक्त माझ्या लेबलावर आहे,” सर म्हणाले, आणि मग थांबले.

एस्तेरला बोलावलं. ती वेणीचं टोक हातात धरून दारात उभी राहिली.

“ही नावं तुला कुठून मिळाली?” सरांनी विचारलं.

“बरणीवरून, सर.”

“बरणीवरून? कोणी वाचून दाखवलं?”

“लिहिलेलं होतं की, सर. उघडं होतं. मला वाटलं, या वर्षी नाव दिलंय, फक्त लक्षणं लिहायची.”

“तुला ते वाचता आलं?” सरांचा आवाज एकदम बदलला. रागावलेला माणूस आणि आशेला लागलेला माणूस एकाच खुर्चीत बसले होते.

“हो. हे ओल्ड इंग्लिश ना? माझे बाबा मिशनच्या दफनभूमीसाठी दगड कोरतात. कोरलेल्या अक्षरांत काळा रंग मी भरते. दुसरीत असल्यापासून.” ती जरा धीट झाली. “आमच्याकडे पण हे मेलेल्यांवरच लिहितात, सर.”

रिसबूड सरांना ठसका लागला.

“आणि... कसं वाटलं?” दप्तरदार सरांनी विचारलं.

“काय, सर?”

“अक्षर.”

एस्तेरने मान कलती करून विचार केला. “छान आहे. मोठा ए तर बाबांपेक्षा चांगला. पण एसला इतकं बारीक शेपूट काढलंय ना, ते दगडावर टिकणार नाही. दोन पावसाळ्यांत उडेल.”

सरांनी टेबलावरचा कागद ओढून एक एस काढून पाहिला. खरंच पाहिला. कॉपीचं प्रकरण ते विसरले असावेत.

“एक मिनिट,” रिसबूड सर पेपर वाचत म्हणाले. “चौदावी बरणी. उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात मण्यार आहे. ही लिहिते, ‘लेबलावर मण्यार लिहिलं आहे. पण पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे आणि षट्कोनी नाहीत. हा कवड्या आहे. नाव चुकलं आहे.’”

त्यांनी पेपर दप्तरदार सरांपुढे सरकवला.

“मी लिहिलेलं चुकलं?” दप्तरदार सर म्हणाले.

“लिहिलेलं बरोबर आहे, सर,” एस्तेर म्हणाली. “चिकटवलेलं चुकलंय. कवड्या मी रोज बघते. आमच्या दगडांच्या फटीत असतात. बाबा त्यांना मारू देत नाहीत.”

मण्यार म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात विषारी सापांपैकी एक, आणि कवड्या हा त्याच्यासारखा दिसणारा बिनविषारी. प्राणिशास्त्राच्या विभागात या दोघांची अदलाबदल म्हणजे औषधाच्या दुकानात बाटल्यांची अदलाबदल. रिसबूड सरांनी बरणी मागवली, चिमट्याने साप वर काढला, भिंग लावलं. कवड्या होता. कपाटातून दुसरी बरणी आणली. तिच्यात मण्यार, आणि लेबल कवड्याचं. नोव्हेंबरपासून पाच महिने दोन्ही बरण्यांसमोरून आम्ही सगळे जात होतो. सर जाता-येता अक्षरं पाहायचे. मी झाकणांवरचे क्रमांक पाहायचे.

“कोणी चिकटवली ही?” दप्तरदार सरांनी विचारलं.

आता मला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, कानात वाजलं. लेबलं चिकटवली त्या दिवशी क्रमाने लावलेला त्यांचा गठ्ठा माझ्या हातात होता. सापांच्या कपाटाशी दोन लेबलं खाली पडली आणि मी ती उचलून अंदाजाने परत घातली. मामांनी बरणी पुढे केली, हातातलं लेबल पाहिलं आणि विचारलं, “बाई, ह्यो कवड्या हाय. त्येचंच हाय न्हवं का हे?” मला वाचता येत नव्हतं. मी म्हटलं होतं, “मामा, यादीप्रमाणे चाललंय. तुम्ही चिकटवा.”

मी तोंड उघडलं. पण बरणी घेऊन आलेले गेनूमामा दाराशीच होते, आणि ते माझ्याआधी बोलले.

“म्या चिकटवली, साहेब. मला काय वाचता येतंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. अहवाल एप्रिलमध्ये आहे हे त्यांना माहीत होतं. मी तोंड मिटलं. तीन वर्षांच्या हंगामी नोकरीत मी बरंच काही शिकले होते, त्यात हेही होतं.

रिसबूड सरांनी एस्तेरसाठी दुसऱ्या दहा बरण्या मागवल्या, लेबलं भिंतीकडे फिरवली आणि तोंडी परीक्षा घेतली. तिने आठ ओळखल्या. “लेबल उघडं ठेवलं ही विभागाची चूक, मुलीची नाही,” ते म्हणाले, तिला सोळा गुण दिले आणि जेवायला गेले.

त्या दिवसापासून दोन गोष्टी सुरू झाल्या. पहिली, मी एस्तेरकडे शिकायला लागले. वाचता येत नसलेलं पुन्हा हातात धरायचं नाही, एवढं तरी मी करू शकत होते. दुपारी तिच्या वडिलांच्या अंगणात, अर्धवट कोरलेल्या दगडांमध्ये बसून ती मला शिकवायची.

“मॅडम, अक्षर ओळखायला जाऊ नका. आधी काठ्या मोजा. एक काठी म्हणजे आय. दोन म्हणजे एन नाहीतर यू. तीन म्हणजे एम.”

“एन की यू, ते कसं ठरवायचं?”

“जोड वर की खाली ते बघायचं. आणि तरी नाही कळलं, तर मेलेल्याच्या घरच्यांना विचारायचं.”

मोजणं मला जमतं. दोन आठवड्यांत मला दफनभूमीतली एकूण एक माणसं वाचता यायला लागली.

दुसरी गोष्ट दप्तरदार सरांच्या बाबतीत घडली. पाच महिन्यांनी त्यांना एक वाचक मिळाला होता, आणि एका वाचकाने माणूस किती बदलतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ते सगळं गॉथिकमध्ये लिहायला लागले. नोटीस बोर्डावरची सुट्टीची सूचना लिहिली, तर दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग हजर राहिला. आणि एस बदलला. त्याचं शेपूट आता जाड झालं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्राचार्य मोहित्यांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक उघडं पाकीट होतं आणि हातात एक जाड कागद.

“बसा, मिस खांबेटे. दप्तरदार पुण्याला गेलेत?”

“हो सर, गुण द्यायला. परवा येतील.”

“माझी समितीची बैठक दोन वाजता आहे.” त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. “हा तुमचा गोपनीय अहवाल. तुम्हाला दाखवू नये असा नियम आहे.”

“हो सर.”

“पण मला हा वाचता येत नाही. ऑफिसात कोणालाच येत नाही. मी गणिताचा माणूस, ग्रीक अक्षरं वाचतो, पण हे म्हणजे...” त्यांनी हताशपणे कागद माझ्याकडे सरकवला. “तुम्हाला येतं?”

“येतं, सर.”

“मग वाचा. आहे तसं वाचा. तुम्ही नेमक्या आहात असं सगळे म्हणतात.”

कागद हातात घेतला. सुंदर पान होतं. समास सरळ, ओळी दाट, पहिलं अक्षर तीन ओळींएवढं उंच आणि लाल. मी काठ्या मोजायला लागले.

इंग्रजी मजकुराचा अर्थ असा होता. मिस खांबेटे कामात अत्यंत काटेकोर आहेत. मार्चमध्ये उघडकीला आलेली लेबलांची चूक सर्वस्वी शिपाई गेनू शेलार याची आहे. त्याला प्रयोगशाळेतून काढून जूनपासून मुख्य फाटकावर नेमावं. मिस खांबेटे यांना कायम करण्याची मी शिफारस करतो.

मी पुन्हा मोजलं. मुख्य फाटक. मामा फाटकावर खाकी टोपी घालून, आणि आत बरण्यांच्या झाकणांना मेण लावणारा कोणी परका माणूस.

“अवघड आहे का?” प्राचार्यांनी विचारलं.

“नाही सर. सावकाश वाचावं लागतं.”

आणि मी वाचलं. माझा आवाज मलाच स्वच्छ ऐकू येत होता. “मार्चमध्ये उघडकीला आलेली लेबलांची चूक सर्वस्वी मिस खांबेटे यांची आहे. लेबलं पडली असता त्यांनी ती अंदाजाने परत लावली. शिपाई गेनू शेलार याने वेळीच शंका घेतली होती, ती त्यांनी ऐकली नाही.”

“अस्सं,” प्राचार्य म्हणाले. “एवढं सगळं लिहिलंय?”

“दाट अक्षर आहे, सर.”

“पुढे?”

पुढची ओळ मी होती तशी वाचली. “मिस खांबेटे यांना कायम करण्याची मी शिफारस करतो.”

प्राचार्यांनी कागद परत घेतला, उजेडाकडे धरला, उलटाही करून पाहिला. “चूक सर्वस्वी यांची, आणि तरी शिफारस? याचा मेळ कसा बसतो?”

“मी फक्त वाचलं, सर.”

मग त्यांनी पेन उघडलं. “एक वर्ष आणखी हंगामी. पुढच्या एप्रिलला बघू.” आणि समासात साध्या, गोल, शाळकरी अक्षरात तसं लिहिलं.

त्यानंतर एकतीस वर्षं मी नोंदी केल्या. खवले मोजले, पाय मोजले, पंखांच्या शिरा मोजल्या. समोर एक दिसत असताना जाणूनबुजून दुसरं नोंदवलं ते तेवढंच एकदा, आणि माझ्या सगळ्या नोंदींत ती सगळ्यात बिनचूक होती.

दोन दिवसांनी दप्तरदार सर पुण्याहून आले. त्यांच्या टेबलावर ऑफिसचं पत्र आलेलं होतं. त्यांनी मला आत बोलावलं.

“मिस खांबेटे, मी तुमची शिफारस केली होती.”

“हो सर. केली होती.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“प्राचार्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला वाचायला सांगितलं.”

सरांनी पत्र पुन्हा पाहिलं. त्यात लेबलांच्या चुकीचा उल्लेख होता, चूक कोणाची तेही होतं, आणि पडलेल्या लेबलांची हकिगत होती. ती हकिगत ते आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. त्यांचे ओठ जरा हलले. शेजारच्या खोलीतून काचेवर कापड घासल्याचा आवाज येत होता. मामा बरण्या पुसत होते.

“फाटकाविषयी एक वाक्य होतं,” सर म्हणाले.

“ते मला लागलं नाही, सर.”

त्यांनी टेबलाचा खण उघडला, सातही निबा एकेक करून फडक्याने पुसल्या, डबीत ठेवल्या आणि डबीचं झाकण लावलं.

“पुढच्या वर्षीचा अहवाल,” ते म्हणाले, “मी साध्या अक्षरात लिहीन.”